कोपऱ्यातली अकरा नंबर

दुपारचे अडीच. पंखा सोडला तर घरात कशाचाच आवाज नव्हता. मित्रा, माझी पाच वर्षांची मुलगी, नुकती कुठे झोपली होती. तेवढ्यात स्वयंपाकघरात बर्फाचा ट्रे कडकट्ट करून पिळला गेला आणि मला, खरं सांगते, फार बरं वाटलं.

आमच्या घरात बर्फाचा ट्रे वाजला की समजायचं, पूर्वा खेळून आली. गेली कित्येक वर्षं हाच रिवाज. मॅच झाली की माझी ही धाकटी बहीण आधी फ्रिजपाशी जाणार, ट्रे पिळणार, खडे जुन्या पंच्यात बांधणार आणि डावा गुडघा स्टुलावर ठेवून तासभर बसणार. लग्नानंतर मी नारायण पेठेत राहायला आले. क्लबचं बास्केटबॉल कोर्ट इथून दोन मिनिटांवर, म्हणून तीही माझ्या मागोमाग आली. तिच्याबरोबर तो पंचाही आला.

मी आत गेले. पूर्वा ओट्याला टेकून उभी होती. बर्फ स्टीलच्या ग्लासात होता आणि ती कोकम सरबत ढवळत होती.

"गुडघा?"

"मस्त आहे."

"आणि मॅच?" सकाळची मॅच कोथरूडला होती, मी गेले नव्हते.

"जिंकलो. अठरानं."

"तू?"

"चार."

"चार काय?"

"पॉइंट, ताई. चार पोळ्या नाही." तिने एक घोट घेतला. "गुडघा दुखेल कशाने? उभं राहून?"

उभं राहून. हे प्रकरण जूनपासूनचं. त्याआधी क्लबच्या मुलींना रंगनाथ सर शिकवायचे. त्यांचं सगळं शास्त्र एका आरोळीत मावायचं: "पूर्वाकडे द्या गं!" मग पूर्वा चेंडू घ्यायची आणि थांबायची. तिचं ते थांबणं बघण्यासारखं असायचं. चेंडू कमरेपाशी, नजर समोरच्या मुलीच्या पोटावर, आणि जराही घाई नाही. समोरचीचा तोल एवढासा ढळला की ही आत. पुढे पुढे तिच्यावर दोघी येऊ लागल्या, मग तिघी. आमच्या बाकीच्या चौघी कमरेवर हात ठेवून बघत राहायच्या आणि बास्केट झाली की टाळ्या वाजवायच्या, जशा काही तिकीट काढून आल्या होत्या. पूर्वाचे तीस पॉइंट व्हायचे आणि आम्ही चारनं हरायचो. असं चार वर्षं चाललं. रंगनाथ सर हळहळायचे, "पोरगी एकटी किती ओढणार?" ओढायला लावणारा जणू दुसराच कुणी होता. गुडघा गेला तो तिथे.

मग कमिटीला जाग आली आणि सलिल सर आले. त्यांनी सहा आठवड्यांचा परदेशी कोर्स केला होता. ऑनलाइन. म्हणजे स्वतःच्या बेडरूममध्ये बसूनच. पण बोलायचे मात्र कालच विमानातून उतरल्यासारखे. "आपल्याकडे ना, स्टार कल्चर फार." काखेत कायम एक लोखंडी बोर्ड, तव्याएवढा, त्यावर लोहचुंबकाच्या टिकल्या. टिकल्या सरकवत ते मुलींना कोण कुठे पळणार ते दाखवायचे. एकदा प्रॅक्टिसमध्ये पाऊस आला. मुली भिजल्या. बोर्ड सरांच्या जॅकेटच्या आत होता.

आमच्या बोलण्यानं मित्रा उठलीच. डोळे चोळत आली आणि मावशी फरशीवर बसली तशी तिच्या मांडीवर बसली. मी म्हटलं, "ते तुमच्या सरांचं काय आहे ते मला एकदा नीट दाखव. टेबलावर बसून स्कोअर लिहिताना माझी नजर कागदावरच असते, धड काही कळत नाही."

पूर्वाने भाजीची टोपली ओढली. फरशीवर चार बटाटे मांडले आणि एक टोमॅटो. समोर पाच कांदे. भिंतीपाशी एक वाटी, ती बास्केट.

"टोमॅटो कोण?" मित्राने विचारलं.

"मी."

"तू लाल का?"

"रागाने."

टोमॅटो तिने पार कोपऱ्यात नेऊन ठेवला. "हे माझं घर. इथून हलायचं नाही. आता या सगळ्या कांद्यांना मी चार वर्षं रडवलंय, त्यामुळे दोन कांदे सदैव माझ्या अंगावर. कोपऱ्यात गेले तरी मागोमाग येतात, सवयीने. मग तिकडे कांदे उरले तीन आणि बटाटे चार. एक बटाटा मोकळा राहतोच. चेंडू कुणी दोन सेकंदांच्या वर धरायचा नाही, फिरवत राहायचा, मोकळा बटाटा सापडला की त्याने टाकायचा." तिने सगळ्यात मोठा बटाटा उचलून मित्राच्या हातात दिला. "बहुतेक वेळा ही सापडते. ऋतुजा."

ऋतुजा काळभोर. लोणी काळभोरची वीस वर्षांची सहा फुटी मुलगी, दोन बस बदलून प्रॅक्टिसला येणारी. तिच्याबद्दल माझ्या मनात वाईट काही नव्हतं. वाईट वाटायला जागाच ठेवत नाही ती पोरगी.

"आणि तुझ्याकडे चेंडू कधी येतो?"

"आला तर परत देते. सर म्हणतात, पूर्वा, आपल्याला तुझी ग्रॅव्हिटी वापरायचीय."

"काय वापरायचीय?"

"गुरुत्वाकर्षण, ताई. दहावीला होतं."

"म्हणजे सगळ्यांनी तुझ्याभोवती फिरायचं आणि तू जागची हलायचं नाहीस. सूर्य म्हण की सरळ."

"सूर्याला लोक निदान नमस्कार तरी घालतात," पूर्वा म्हणाली आणि उरलेलं सरबत मित्राला देऊन टाकलं.

सगळ्यात चीड कशाची, तर ते चालत होतं. जुलैपासून क्लब एकही मॅच हरला नाही. ज्या मुली टाळ्या वाजवायला उभ्या असायच्या त्या पळू लागल्या, घामाघूम होऊ लागल्या, एकमेकींना हाका मारू लागल्या. पूर्वाच्या गुडघ्याची सूज उतरली. हे सगळं मला दिसत होतं आणि तरीही सलिल सरांचं तोंड दिसलं की डोक्यात तिडीक जायची. जिंकलेल्या मॅचनंतर ते बोर्डाकडे असे बघायचे, जशी टिकल्यांनीच मॅच खेळली.

पूर्वा सत्तावीस वर्षांची आहे. एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे, तीही तात्पुरती. दर मार्चमध्ये शाळा तिला त्याची आठवण करून देते. खेळाडूंच्या कोट्यातून कायमची नोकरी हवी तर मोठ्या गटाची राष्ट्रीय स्पर्धा खेळल्याचं सर्टिफिकेट लागतं आणि त्यासाठी राज्याच्या संघात नाव यावं लागतं. तीन वेळा ती राखीव खेळाडूंत अडकली होती. यंदा डॉक्टरांनी गुडघा दाबून बघत सांगितलं, "अजून एक सीझन. मग जिने चढण्यापुरता शिल्लक ठेवू या." तेव्हा जे व्हायचं ते यंदाच व्हायला हवं होतं. आणि यंदा ती कोपऱ्यात उभी होती.

क्लबच्या मॅचना टेबलावर बसून स्कोअर मी लिहिते. मीही खेळायचे, मित्राच्या वेळी सुटलं ते सुटलंच, मग स्कोअररची परीक्षा दिली. स्कोअरशीट म्हणजे साधा कागद. बास्केट झाली की जिने केली तिचा नंबर संघाच्या तेव्हाच्या एकूण आकड्यासमोर लिहायचा. बाकी फाउल लिहायचे. बस्स. पास कुणी दिला, दोघींना कुणी अडकवून ठेवलं, याला रकाना नाही. महिनोन् महिने मी माझ्या हाताने सात, सात, सात लिहीत होते; सात म्हणजे ऋतुजा. अकरा लिहायची वेळ क्वचित यायची.

त्याच कागदावरून पेपरवाले बातमी करतात. एक ओळ असते, कोण जिंकलं आणि सर्वाधिक गुण कुणाचे. आमचे पप्पा येरवड्यात राहतात, पोस्टातून रिटायर झाले. त्या ओळीची कात्रणं त्यांनी नऊ वर्षं वहीत चिकटवली आहेत. ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला.

"जयभीम, दीक्षा. पेपर बघितला गं. पूर्वाचं नाव नाही. बरं नाही का तिला?"

"बरी आहे पप्पा. खेळली की."

"मग पेपरवाले विसरले असतील. पत्र टाकू का त्यांना?"

"नको पप्पा."

"टाकतो की. एका पत्राचं काम आहे."

अडतीस वर्षं लोकांची पत्रं पोचवलेला माणूस. पत्राने सगळं होतं, यावर त्यांचा अजून विश्वास आहे. मी त्यांना बटाटे-टोमॅटो कसे सांगणार होते?

शेवटी एकदा मीच सलिल सरांना गाठलं. कोर्टच्या फाटकाशी ते चहा पीत उभे होते, बोर्ड शेजारच्या कट्ट्यावर.

"सर, पूर्वाचं सिलेक्शनचं वर्ष आहे. तिचे पॉइंट—"

"दीक्षा मॅडम, आपण जिंकतोय."

"जिंकतोय ना. आपण."

"तुम्ही टेबलावरून फक्त पॉइंट बघता. मी इम्पॅक्ट बघतो."

"पण सिलेक्शन कमिटी माझा कागद बघते, सर. तुमचा इम्पॅक्ट त्यांच्यापर्यंत कोण पोचवणार?"

"मी आहे ना!" त्यांनी छातीवर हात ठेवला. "फायनलला पद्मजा मॅडम येतायत. मी स्वतः त्यांना समजावून सांगतो, पूर्वा काय करते ते. माझी जबाबदारी."

ग्लास त्यांनी बोर्डावर ठेवला होता. तो उचलला तेव्हा खाली चहाचं गोल वर्तुळ उमटलेलं होतं आणि त्यांनी ते रुमालाने इतकं हळुवार पुसलं की मला वाटलं, पूर्वा टिकली असती तर तिचीही अशीच काळजी घेतली असती यांनी.

फायनल रविवारी संध्याकाळी पाचला, आमच्याच कोर्टवर. माझा नवरा समाधान एरवी हिंजवडीच्या कंपनीतून आठशिवाय घरी येत नाही. रविवार म्हणून तो मित्राला घेऊन पायऱ्यांवर बसला होता. निवड समितीच्या पद्मजा मॅडम माझ्या टेबलाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. थर्मास आणला होता, मोबाइल आणला होता. टाळ्या पडल्या की मान वर करायच्या. म्हणजे जाळीतून खाली पडणारा चेंडू त्यांना दिसायचा. तो तिथवर कसा गेला, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय नव्हता.

हाफ टाइमला आम्ही एकतीस-चोवीस. सातात सात. म्हणजे ऋतुजाच्या सात बास्केट. पूर्वाची एक.

पद्मजा मॅडम माझ्याकडे वळल्या. "अहो, ती अकरा नंबर कोण? उभीच असते."

"पूर्वा, मॅडम. गेल्या वर्षी लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट तिचे होते."

"हो का? दुखापत वगैरे आहे का काही?"

"नाही."

"मग कंटाळली असेल," त्या म्हणाल्या आणि थर्मासचं झाकण उघडलं.

टेबलावरच्या माणसाने हाफ टाइमला खेळाडूंकडे जायचं नसतं. हे परीक्षेतच विचारतात. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले आणि सरळ पूर्वापाशी गेले. ती बुटाची नाडी बांधत होती.

"पूर्वे, मॅडम विचारतायत, उभीच असते ती कोण."

"मग?"

"मग काय? तिसरा क्वार्टर तुझा. चेंडू धर. चुलीत घाल तो कोपरा."

"ताई, जिंकतोय ना आपण."

"आपण जिंकतोय. तू घरी बसणारेस."

तिने नाडीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली, घट्ट.

तिसऱ्या क्वार्टरला लाल पेनाने लिहितात. पहिल्याच पासला पूर्वाने चेंडू घेतला आणि थांबली. किती महिन्यांनी थांबली! मला टेबलावर रडू येईल की काय असं झालं. समोरचीचा तोल गेला आणि ही आत. अकरा. पुन्हा, दोघींच्या मधून. अकरा. उजवीकडून, बास्केटमागच्या फळीवर आपटून. अकरा. चौथी बास्केट तिने पडता पडता टाकली. मित्रा पायऱ्यांवरून "माऊऽऽ" करून ओरडली. पद्मजा मॅडमनी चार वेळा मान वर केली. मी चार वेळा लाल अकरा लिहिले, परीक्षेच्या पेपरात लिहावेत तसे, ठसठशीत.

कागदावर मान असल्यामुळे बाकीचं मला उशिरा दिसलं. आमच्या चौघी थांबल्या होत्या. कमरेवर हात, रंगनाथ सरांच्या वेळेसारखे. तिकडच्या मुली मात्र प्रत्येक वेळी पळून जाऊन बास्केट करत होत्या. सलिल सर काठावर येऊन बोर्डावर तळवा आपटत होते, "पूर्वा! सिस्टीम! सिस्टीम!" रात्रीच्या पाळीचा वॉचमन काठी आपटतो तसे. पाचव्या मिनिटाला त्यांनी तिला बाहेर घेतलं आणि बाकड्यावर बसवलं.

तिच्या जागी कोपऱ्यात त्यांनी दुसरी एक मुलगी उभी केली. बोर्डावर काही फरक पडला नसेल. टिकलीच्या जागी टिकली. पण त्या मुलीकडे समोरच्या संघाने ढुंकूनही पाहिलं नाही. पाचही जणी आत गोळा झाल्या, दोघी ऋतुजाच्या अंगावर. चेंडू आपला फिरत राहिला, हळदीकुंकवाच्या ताटासारखा, या हातातून त्या हातात, फार शिस्तीत. सिस्टीम अगदी बिनचूक चालू होती. बास्केट तेवढी होत नव्हती.

चौथ्या क्वार्टरचं शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आम्ही चौपन्न, त्या सत्तावन्न. सलिल सरांनी बोर्डाकडे बघितलं. बोर्ड काही बोलला नाही. मग त्यांनी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "पूर्वा, जा."

ती आत गेली. जरा लंगडत होती. पहिलाच पास तिच्याकडे आला, तिच्या आवडत्या जागी, समोर एकटी मुलगी आणि तीही घाबरलेली. मी निळं पेन उघडून तयार होते. अकराचा पहिला एक माझ्या बोटांत येऊन थांबला होता. पूर्वा थांबली. समोरचीचा तोल गेला, मला इथून दिसला. पूर्वाने चेंडू मागे पास केला आणि कोपऱ्याकडे निघाली. पळत नाही. चालत.

दोघी तिच्या मागोमाग गेल्या, शेपटासारख्या. ऋतुजा मोकळी. छप्पन्न.

पुढच्या वेळी पुन्हा तेच. ती कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, हात वर करून, जसा काही चेंडू आता तिच्याकडेच येणार. दोघी तिला चिकटल्या. शेवटच्या क्षणी तिसरीही तिकडे सरकली. ऋतुजाने मोकळ्या बास्केटखाली अगदी घरच्यासारखा चेंडू ठेवला. अठ्ठावन्न-सत्तावन्न. भोंगा वाजला.

मी दोन्हीदा सात लिहिले होते. शेवटच्या आकड्याखाली नियमाप्रमाणे दोन रेघा मारल्या.

सलिल सरांनी बोर्ड दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. कप अजून मिळायचा होता. पद्मजा मॅडम टेबलापाशी आल्या. "जरा कागदाची एक प्रत द्या. कुणाचे किती तेवढं बघते."

मी गुलाबी प्रत फाडली, पण सोडली नाही. "मॅडम, एक सांगू? ती अकरा नंबर कोपऱ्यात उभी राहते ना, त्यामुळे—"

"तुमचं आडनाव... बहीण का तुमची?" लग्नानंतरही मी माहेरचंच आडनाव लावते.

"हो."

"मग राहू द्या," त्या अगदी प्रेमाने म्हणाल्या. "उगाच लोक बोलतात."

प्रत घेऊन त्या सलिल सरांकडे गेल्या. मी पेनं गोळा करायचं नाटक करत तिथेच राहिले. आता सांगतील. जबाबदारी त्यांची होती. सर बोलले, दहा मिनिटं बोलले. टिकल्या सरकवल्या, कोर्सचं नाव दोनदा घेतलं. मॅडमनी कोपऱ्यातल्या टिकलीवर नखाने टिचकी मारली. "आणि ही? हिचं काय काम?"

"ती जागा महत्त्वाची, मॅडम. मुलगी कुणीही चालते. तीच तर सिस्टीम आहे."

त्याच जागेवर 'कुणीही' उभी केली तेव्हा काय झालं, ते अर्ध्या तासापूर्वी सगळ्या पेठेने बघितलं होतं. पण मॅडमनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं.

राज्याच्या संघाची यादी सोमवारी दुपारी व्हॉट्सअॅपवर आली. ऋतुजा काळभोर. सहायक प्रशिक्षक, सलिल सर. पूर्वा राखीव खेळाडूंतही नाही. तासाभराने सरांचा तिला मेसेज आला: "प्राउड ऑफ यू. टीम फर्स्ट." पुढे एक पिवळी मूठ. मी म्हटलं, उत्तर पाठव, की मूठ झाकलेलीच बरी. पूर्वाने फोन पालथा ठेवला आणि आत गेली. बर्फाचा ट्रे वाजला. या वेळी खडे पंच्यात गेले.

दारावर टकटक झाली. ऋतुजा होती. हातात मेथीच्या चार जुड्या, घरच्या रानातल्या, मुळांना माती तशीच. आत आली, पूर्वाचा सुजलेला गुडघा बघितला आणि उभीच राहिली.

"बस की," पूर्वा म्हणाली. "अभिनंदन."

"कशाचं, ताई? मोकळीच व्हते मी. माझ्यावर कुणीच नव्हतं." ती फरशीवर मांडी घालून बसली. "तुम्ही बाकड्यावर बसल्या ना, तवा मला हात वर करू देईनात. दोघी दोघी अंगावर, कोपरं काय मारत्यात, नखं काय. तवा कळलं तुम्ही रोज काय खात व्हता. मी मॅडमला सांगते."

"काय सांगशील?"

"हेच, की माझं काय न्हाई, ह्यांचं हाय."

"येडी आहेस का? तुझंही काढून घेतील. गप घरी जा आणि बॅग भर." पूर्वाने पंचा बदलला. "आणि डावीकडून आत जाताना खांदा खाली ठेव. तिकडे कोपऱ्यात मी नसेन."

ऋतुजाने मान खाली घातली. मेथीच्या एका जुडीची दोरी ती उगाचच सोडत राहिली. गेली तेव्हा जिन्यात तिने नाक ओढल्याचा आवाज आला.

मी दार लावलं आणि इतका वेळ धरून ठेवलेलं बोलले. "चेंडू हातात होता तुझ्या. एकटी मुलगी होती समोर. का दिलास?"

"मी आत गेले असते की दुसरी आली असती, मग तिसरी. दोन झाले असते, फार तर चार. मग हरलो असतो. रंगनाथ सरांकडे चार वर्षं तेच केलं ना."

"हरलो असतो तर हरलो असतो. दोन अकरा जास्त लागले असते कागदावर. तुझं नाव आलं असतं."

पूर्वाने माझ्याकडे बघितलं. सलिल सरांचं नाव निघालं की मी जसं तोंड करते, अगदी तसंच तिने केलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "तूही एक बोर्ड घेऊन ये."

मी मेथी निवडायला घेतली. पूर्वाने डोळे मिटून डोकं भिंतीला टेकवलं. तिच्या पंच्यातून पाणी ठिबकून स्टुलाखाली थारोळं झालं होतं. ते पुसायला हवं होतं आणि मी उठत नव्हते.

मित्रा माझ्या पिशवीतून क्लबची पिवळी प्रत काढून फरशीवर पसरून बसली होती. बालवाडीत सध्या त्यांचे पन्नासपर्यंत आकडे चालू आहेत, त्यामुळे घरातला कुठलाच कागद सुटत नाही. एकेका आकड्यावर बोट ठेवून ती वाचत होती. "सात. सात. चार. सात. अकरा! ही मावशी." मग सगळ्या अकरांवर तिने खडूने गोल केले. पाच झाले. खाली दोन रेघांपर्यंत आली आणि पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. कागद उलटा करून मागची बाजू बघितली. मागे काहीच नव्हतं.

"आई, मावशी कोपऱ्यात जाऊन उभी राहिली म्हणून आपण जिंकलो ना? टोमॅटोसारखी?"

"हो गं."

तिने कागद आणून माझ्या मांडीवर, मेथीच्या पानांवर ठेवला.

"मग ते कुठे लिहिलंयस?"